पिशवीत राहिलेल्या कुप्या

नेटहॅक या संगणकावरच्या खेळात आपले पात्र मेले की पडदा लगेच रिकामा होत नाही. आधी एक प्रश्न विचारला जातो: तुमच्याजवळच्या वस्तूंची ओळख पटवून हवी आहे का? होकार दिला की इतका वेळ ‘दुधाळ’, ‘गढूळ’, ‘माणिकरंगी’ एवढ्याच वर्णनाने पिशवीत पडून असलेल्या कुप्यांची खरी नावे एकाखाली एक समोर येतात. त्या यादीत बहुतेक वेळा अशी एखादी वस्तू निघतेच की जी दहा चालींपूर्वी वापरली असती तर डाव वाचला असता. कधी ते जखमा भरून काढणारे औषध असते, कधी मजल्याच्या भलत्याच कोपऱ्यात नेऊन टाकणारी मंत्राची गुंडाळी, कधी समोरच्याला झोपवणारी कांडी. त्यांतल्या काहींची ओळख तर आधीच पटलेली असते, म्हणजे अज्ञानाची सबबही उरत नाही. या जातीचे खेळ मी बरीच वर्षे खेळत आलो आहे आणि त्यांतल्या मृत्यूंविषयी माझे जे काही मत बनले आहे, ते या यादीवरूनच बनले आहे. या भुयारांत माणूस दारिद्र्याने क्वचितच मरतो. तो बहुधा भरल्या पिशवीनिशी मरतो.

ज्यांचा या खेळांशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. 1980 च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ इथल्या शाखेत मायकेल टॉय आणि ग्लेन विकमन या दोघांनी ‘रोग’ (Rogue) नावाचा, या जातीचा मूळ खेळ लिहिला. पुढे बर्कलीत केन अर्नोल्ड त्यांना येऊन मिळाले. त्यात चित्रे नव्हती. भिंती, दारे आणि वाटा कळफलकावरच्या चिन्हांनी काढलेल्या असत आणि राक्षसांसाठी इंग्रजी वर्णमालेतली 26 मोठी अक्षरे वापरलेली असत. भुयारात 26 व्या मजल्यापर्यंत उतरायचे, येंडोरचा ताईत शोधायचा आणि तो घेऊन जिवंत वर यायचे, एवढेच उद्दिष्ट. मात्र भुयाराची रचना दर डावाला नव्याने तयार होई, त्यामुळे कालचा नकाशा आज निरुपयोगी ठरे. सुरुवातीला खेळ एका बैठकीत संपवावा लागत असे. लोकांच्या मागणीवरून तो मध्येच थांबवून जतन करण्याची सोय आली, आणि सोय येताच खेळाडू तीच फाईल पुन्हा पुन्हा उघडून आपले मृत्यू पुसू लागले. तेव्हा फाईल उघडली की ती नष्ट व्हावी अशी व्यवस्था करण्यात आली, आणि पर्माडेथ, म्हणजे पात्राचा कायमचा मृत्यू, म्हणून आज जे ओळखले जाते ते अशा रीतीने या खेळांच्या अंगी मुरले. खेळ अधिक क्लेशकारक करावा हा आपला हेतू नव्हता, प्रत्येक निवडीला काही वजन यावे एवढेच हवे होते, अशा अर्थाचे विकमन यांनी पुढे सांगितले आहे. हे म्हणणे मला पटते, पण वजन कशाला येते आणि ते कोणाच्या खांद्यावर पडते, हा पुढचा प्रश्न खेळणाऱ्यालाच सोडवावा लागतो.

कायमच्या मृत्यूत नेमके काय जाते? घालवलेले तास जातात असे आपण म्हणतो, पण ते तर जिंकल्यावरही जातातच. खरे तर एक विशिष्ट योगायोग जातो. तिसऱ्या मजल्यावर अवचित सापडलेले चिलखत, त्याला साजेशी मिळालेली तलवार, एका दुकानात भावावरून ओळखलेली गुंडाळी, चुकून पाळला गेलेला आणि मग तगडा निघालेला एखादा प्राणी, हे सगळे एका क्रमाने जुळून आलेले असते आणि तो क्रम पुन्हा येणार नाही हे आपल्याला ठाऊक असते. नेटहॅकमध्ये जिंकण्याच्या बेतात असलेला डाव 30,000 चालींच्या पुढे जाणे अगदी नेहमीचे आहे. इतक्या चालींत त्या पात्राला एक चरित्र मिळालेले असते. ते चरित्र एका कळीच्या दाबाने संपते तेव्हा वाटणारी हळहळ खरी असते, आणि ‘अरे, खेळच तो’ या वाक्याने ती कमी होत नाही. तिची तुलना मी प्रत्यक्ष आयुष्यातल्या वियोगाशी मात्र करणार नाही. तशी तुलना करणारे लेखन मला नेहमीच उथळ वाटत आले आहे. ही हळहळ वेगळ्या जातीची आहे आणि तिच्या जातीतच ती पुरेशी रोचक आहे.

सगळे मृत्यू सारखे बोचत नाहीत. पहिल्या प्रकारचे मृत्यू निव्वळ न कळण्याचे असतात. नेटहॅकमध्ये एक निळा तरंगता डोळा असतो. तो स्वतःहून काहीच करत नाही. नवखा खेळाडू त्याला सोपे सावज समजून तलवारीने मारायला जातो, त्याच्या नजरेने लुळा पडतो आणि मग वाटेने जाणारा कोणीही येऊन त्याचा निकाल लावतो. कॉकट्रिस नावाच्या प्राण्याचे कलेवर हातमोजे न घालता उचलले की माणूस जागीच दगड होतो. असले मरण एकदा येते आणि बहुधा पुन्हा येत नाही. त्याचे दुःख लवकर ओसरते, कारण गेलेल्या पात्राच्या बदल्यात काहीतरी हाती लागलेले असते आणि ते कोणतीही फाईल नष्ट होऊन जाणार नसते. पुढच्यास ठेच मागचा शहाणा असे म्हणतात. इथे पुढचाही आपणच आणि मागचाही आपणच. नेटहॅकने तर याची प्रत्यक्ष तजवीजच केली आहे: आधीचे पात्र ज्या मजल्यावर मेले तो मजला कधीकधी पुढच्या एखाद्या डावात जसाच्या तसा समोर येतो, त्यावर त्या मृताचे भूत वावरत असते आणि त्याचे सामान, बरेचसे शापित होऊन, तिथेच पडलेले असते. आपल्याच आधीच्या फजितीच्या सामानातून कामाचे काय ते निवडून घेण्याचा तो अनुभव विलक्षण आहे.

दुसऱ्या प्रकारचे मृत्यू मात्र सगळे ठाऊक असताना येतात, आणि सोसायला शिकावे लागते ते यांनाच.

नेटहॅक, अँगबँड, डंजन क्रॉल या घराण्यातले खेळ चालींचे आहेत. आपण कळ दाबेपर्यंत समोरचा राक्षस जागचा हलत नाही. विचार करायला मिनिट घ्या, तास घ्या, उठून जा आणि दुसऱ्या दिवशी या. तो तिथेच असतो. म्हणजे घाईने आलेला प्रत्येक मृत्यू हा बाहेरून न लादलेल्या घाईचा असतो. तरीही माणसे घाईनेच मरतात, आणि ती घाई एका विशिष्ट वेळी येते. डाव डळमळीत असताना आपण सावध असतो, दर चालीला पिशवी उघडून पाहतो. डाव रंगात आला, चिलखत बरे मिळाले, आधीचे तीन मजले विनासायास पार पडले की पाहणे थांबते. डंजन क्रॉलमध्ये एक कळ दाबली की पात्र आपले आपण भुयार धुंडाळत जाते आणि शत्रू दिसला की थांबते. दुसरी कळ दाबली की जवळच्या शत्रूवर आपोआप हल्ला होतो. दोन्ही सोयी उत्तम आहेत. पण त्या दोन कळा आळीपाळीने बडवण्याची एक लय लागते आणि त्या लयीत माणूस आकडे वाचत नाही. हे ओळखूनच की काय, पात्र बरेच घायाळ झाले असेल तर तो खेळ आपोआप हल्ला करायला नकार देतो आणि इतक्या जखमी अवस्थेत बेदरकारपणे लढता येणार नाही असे बजावतो. खेळाने खेळाडूला दिलेल्या सूचनांमध्ये ही मला सर्वांत शहाणपणाची वाटते. ती वाचूनही पुढची चाल हाताने खेळून मरणारे खेळाडू असतात, हा भाग निराळा.

आता त्या पिशवीकडे येतो. संकट दिसले, हाताशी उपाय आहे, तरी तो वापरला जात नाही, असे का होते? मनात चाललेला हिशेब साधारण असा असतो: ही कुपी दुर्मीळ आहे, पुढे याहून मोठे संकट येईल, तेव्हा ती लागेल, आत्ता अजून एक वार सोसता येईल. यातले प्रत्येक वाक्य सुटे पाहिले तर समंजस वाटते. पण पुढचे मोठे संकट येण्यासाठी आधी या लहान संकटातून जिवंत निघावे लागते, आणि मेलेल्या पात्राच्या पिशवीतल्या कुपीची किंमत शून्य असते. काटकसर ज्या भविष्यासाठी करायची ते भविष्यच त्या काटकसरीने खर्ची पडते. शिवाय डाव जितका चांगला चाललेला असेल तितका हात अधिक आखडतो. सुरुवातीच्या मजल्यावरचा फाटका शिपाई मिळेल ते पिऊन टाकतो. विसाव्या मजल्यावरच्या संपन्न वीराला प्रत्येक वस्तू जपून ठेवावीशी वाटते, कारण आता तो खेळत नसतो, मिळवलेले राखत असतो.

‘अजून एक वार सोसता येईल’ या वाक्याचा हिशेब तर जवळजवळ नेहमी चुकतो. नेटहॅकमधल्या सैनिक मुंगीचे उदाहरण घेऊ. ती दिसायला क्षुल्लक, पण तिने मारलेल्यांची गणती नाही. माणसाचा वेग 12 असतो, तिचा 18. म्हणजे आपल्या दोन चालींत तिच्या सरासरीने तीन होतात. प्रत्येक खेपेस ती चावते आणि डंखही मारते. चाव्याने जास्तीत जास्त 8 आणि डंखाने 12 असे एका खेपेला 20 जीवबिंदू (ते संपले की पात्र मेले) जाऊ शकतात. सरासरी पाहिली तर हा आकडा बराच कमी आहे, आणि आपण सरासरीवरच विसंबून असतो, कारण आतापर्यंतच्या झटापटीत सरासरीच अनुभवाला आलेली असते. पण 35 जीवबिंदू उरले असताना तिच्याशी आणखी दोन चाली लढायचे ठरवणे म्हणजे तिच्या तीन खेपांतल्या कमाल 60 च्या शक्यतेपुढे 35 घेऊन उभे राहणे. हजार वेळा ते खपून जाईल. तथापि पर्माडेथच्या खेळात एका डावात असे प्रसंग शेकड्याने येतात, आणि त्यांतला एक न खपणे पुरेसे असते. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे: समोरचा किती मारतो हे विचारायचे नाही, तो जास्तीत जास्त किती मारू शकतो आणि माझी पुढची चाल येईपर्यंत किती वेळा, एवढेच विचारायचे. उत्तर उरलेल्या जीवबिंदूंपेक्षा मोठे असेल तर त्या चालीला लढाई बंद आणि पिशवी उघडी.

पिशवीच कशाला, फुकटचे उपायही विसरले जातात. नेटहॅकमध्ये प्रार्थना करता येते. जीवबिंदू कमाल आकड्याच्या एक-सप्तमांशाहून कमी झाले, किंवा 6 पेक्षा खाली गेले, तर देव ते गंभीर संकट मानतो. आधीच्या प्रार्थनेला सुमारे 1000 चाली लोटलेल्या असतील आणि देव रुष्ट नसेल तर तो जखमा पूर्ण बऱ्या करतो. याला काही खर्च नाही. धुळीत बोटाने ‘एल्बरेथ’ हा शब्द कोरला तर बहुतेक राक्षस अंगावर यायला कचरतात. 2015 च्या 3.6.0 आवृत्तीपासून त्यावर उभे राहून आपणच वार केला तर तो शब्द पुसला जातो, पण दम खाण्यापुरता तो अजूनही उपयोगी आहे. या दोन्ही गोष्टी खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतात आणि तरी मृत्यूनंतर अर्ध्या मिनिटाने आठवतात. बैल गेला आणि झोपा केला, दुसरे काय. यावरून मला असे वाटू लागले आहे की संकटात स्मरणशक्तीवर विसंबूच नये. जीवबिंदू निम्म्यावर आले की कळफलकावरून हात उचलायचे आणि सामानाची यादी वरपासून खालपर्यंत, प्रत्येक ओळीवर थांबून, नव्याने वाचायची. कंटाळवाणे आहे, पण या खेळांत टिकून राहणाऱ्यांची बरीचशी कर्तबगारी या कंटाळ्यातच असते.

अर्थात सगळ्याच खेळांना हे लागू नाही. स्पेलंकी या न थांबता चालणाऱ्या खेळात विचार करत उभे राहिले तर अडीच मिनिटांनी एक भूत येते आणि त्याचा स्पर्श म्हणजे मृत्यू. तिथे थांबणे हीच चूक; तिथली तयारी बोटांच्या सवयीची असते आणि तिच्याविषयी मला फारसे सांगण्यासारखे काही नाही. एफटीएल या अवकाशयानाच्या खेळात मात्र ऐन चकमकीत खेळ हवा तेव्हा थांबवता येतो, आणि स्ले द स्पायर या पत्त्यांनी लढायच्या खेळात शत्रू पुढच्या खेपेला किती मारणार आहे हे बहुधा त्याच्या डोक्यावर आकड्यात लिहिलेलेच असते. इतके उघड असूनही त्या खेळात औषधाच्या तिन्ही जागा भरलेल्या ठेवून मरणारे खेळाडू रोज दिसतात. म्हणजे माहिती दिली की हात सैल सुटतो असेही नाही.

इथे एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. निष्णात खेळाडूंमध्ये असे एक मत रूढ आहे की प्रत्येक मृत्यू ही खेळणाऱ्याचीच चूक असते. सलग अनेक डाव जिंकून दाखवणारे लोक आहेत, तेव्हा या मताला आधार आहे हे नाकारता येत नाही. पण ते सरसकट उगाळले जाते तेव्हा मला त्यात एक प्रकारची मिजास दिसते. नेटहॅकमधल्या सुरुवातीच्या खाणीत एखाद्या बुटक्याला निद्रेची कांडी सापडते, तो ती आपल्यावर रोखतो, आपण झोपतो आणि त्याचे सोबती येऊन काम संपवतात. मागाहून पाहिले तर तिथे जायलाच नको होते, किंवा आधी निद्रेपासून संरक्षण मिळवायला हवे होते, असे म्हणता येते. मागाहून काहीही म्हणता येते. नव्या खेळाडूला अशा मृत्यूवरून बोल लावणे निरर्थक आहे. काही मरणे वाट्याला येतात. ती तशी आहेत हे मान्य करता आले तर ज्या मृत्यूंमध्ये खरोखर आपला हात होता ते अधिक स्पष्ट दिसतात, एरवी सगळेच दैव किंवा सगळीच चूक अशा दोन टोकांत मन हेलकावत राहते.

गेल्या काही वर्षांत ही कठोरता सौम्य करण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. 2008 मध्ये बर्लिनला जमलेल्या अशा खेळांच्या रचनाकारांनी या प्रकाराची लक्षणे लिहून काढली आणि त्यांत कायमच्या मृत्यूला महत्त्वाचे स्थान दिले. पुढच्या दहा-बारा वर्षांत लोकप्रिय झालेल्या कित्येक खेळांनी ते लक्षण बिनदिक्कत वाकवले. 2013 च्या रोग लेगसीत पात्र मेले की त्याचा वारस येतो आणि आधीच्याने जमवलेल्या धनातून वाडा वाढवतो. 2020 च्या हेडीसमध्ये मृत्यू हा कथेचाच भाग आहे. नायक मरून घरी परततो, तिथली माणसे त्याच्याशी नवे काही बोलतात, आणि हवे असल्यास एक सवलत निवडता येते ज्यात होणारी इजा आधी 20 टक्क्यांनी आणि मग दर मृत्यूगणिक आणखी 2 टक्क्यांनी, अखेर 80 टक्क्यांपर्यंत, कमी होत जाते. ही सवलत मला प्रामाणिक वाटते, कारण ती काय करते हे ती उघड सांगते. ज्या खेळांत मेल्यानंतर पात्राची ताकद गुपचूप आणि सक्तीने वाढत जाते त्यांच्याविषयी माझी तक्रार आहे. विसाव्या डावात मी पुढे गेलो ते हात सुधारला म्हणून की तलवार जड झाली म्हणून, हे तिथे कळत नाही, आणि कळत नसेल तर मृत्यूकडे नीट पाहण्याचे कारणच उरत नाही.

केव्ह्ज ऑफ कड या खेळात तर जुन्या पद्धतीबरोबरच, मेल्यास वस्तीपासून पुन्हा सुरू करता येईल असा प्रकारही दिलेला आहे. तो निवडण्यात कमीपणा नाही. नेटहॅकमध्येही केवळ हिंडून पाहण्याचा वेगळा प्रकार आहेच. फाईलची चोरून नक्कल ठेवणाऱ्यांनाही मी नावे ठेवणार नाही, फक्त एक गोष्ट निदर्शनास आणीन. नक्कल असली की कुपी वापरावी की राखावी हा प्रश्नच विरून जातो. न वापरता मेलो तर परत येऊ, वापरून वाया गेली तरी परत येऊ. मग ती कुपी नुसती एक शोभेची वस्तू होते, आणि ज्या एका निर्णयासाठी मी हे खेळ खेळतो तोच नेमका खेळातून निघून जातो.

मृत्यूनंतरच्या पहिल्या पाच मिनिटांचे काय करायचे, याबद्दल मात्र मी ठाम आहे: लगेच नवा डाव सुरू करायचा नाही. त्या वेळी हात रागात असतात, पहिले मजले क्षुल्लक वाटतात आणि नवे पात्र जुन्याची भरपाई म्हणून राबवले जाते. ते सहसा चौथा मजला पाहत नाही. डंजन क्रॉल प्रत्येक मृत्यूनंतर एक सविस्तर नोंद लिहून ठेवतो. त्यात शेवटचे संदेश, भोवतालचा नकाशा आणि उरलेले सामान असे सगळे असते. ती नोंद उलटी वाचावी. शेवटचा वार पाहण्यात अर्थ नसतो, कारण तोवर बहुधा सगळे संपलेले असते. मागे जात जात अशी चाल शोधायची की जिथे निघून जाण्याच्या दोन तरी वाटा अजून शाबूत होत्या. ती चाल पुष्कळदा वीस-तीस चाली मागे सापडते आणि त्या वेळी आपल्याला काहीच धोका जाणवलेला नसतो. जिना दोन पावलांवर होता. शत्रू एकटा होता. औषध हाताशी होते. मग आपण एका खोलीत पुढे सरकलो, एवढेच. असे वाचन काही वेळा झाले की पुढच्या डावात तशी खोली दिसताच पाय आपोआप जरा अडखळतो, आणि माझ्या मते अनुभव म्हणून जे काही मिळते ते इतपतच असते.

जिंकल्यावर काय होते तेही सांगून टाकतो, कारण हरण्याच्या भीतीत ते कोणी विचारत नाही. नेटहॅकमध्येही शोधायचा असतो तो येंडोरचाच ताईत; तो वर नेऊन देवाला अर्पण केला की पात्राला अमरत्व मिळते आणि डाव तिथेच संपतो. सामानाची यादी तेव्हाही पाहायला मिळते. त्या पात्राला पुन्हा खेळता येत नाही; गुणांच्या तक्त्यात त्याची एक ओळ होते, बुडून मेलेल्या आणि सडके मांस खाऊन मेलेल्या पात्रांच्या ओळींसोबत. स्ले द स्पायरमध्ये जिंकणाऱ्याला अधिक अवघड पायरी खुली होते, अशा 20 पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचे सगळे जाच कायम ठेवून एक नवा घातला जातो. आठव्या-नवव्या पायरीवर पोहोचलेला खेळाडू पहिल्या पायरीवरच्या स्वतःपेक्षा किती तरी जास्त वेळा हरतो. तरीही तो अधिक शांतपणे हरतो, असे मी स्वतःच्या आणि इतरांच्या खेळात पाहिले आहे, आणि त्याच्या पिशवीत औषधे जवळजवळ कधीच शिल्लक नसतात.